खडूचा फळा की जाडजूड मेनू कार्ड?

समुद्रकिनारी सुट्टीला गेलं की एखाद्या संध्याकाळी हा पेच पडतोच. एका बाजूला पाच-सहा टेबलांचं हॉटेल, दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले चार पदार्थ. दुसऱ्या बाजूला दिव्यांनी लखलखलेलं मोठं रेस्टॉरंट आणि त्याचं दहा पानी मेनू कार्ड.

आधी ताजेपणाचं बोलू, कारण घोळ तिथेच होतो. छोटं म्हणजे ताजं आणि मोठं म्हणजे फ्रीजरमधलं शिळं, असं आपण धरून चालतो. पकडल्याबरोबर बोटीवरच गोठवलेला आणि पुढे उणे १८ अंशांखाली ठेवलेला मासा, बर्फाविना दोन तास उन्हात पडलेल्या ‘आजच्याच’ माशापेक्षा कधीही बरा. ट्यूना, बांगडा यांच्या कुळातले मासे असे उघडे राहिले तर त्यांत हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, तयार होतं, आणि कितीही शिजवलं तरी ते जात नाही. बोट दारात लागते की नाही यापेक्षा बर्फ कधी लागला, हे विचारावं.

छोट्या हॉटेलची खरी सोय इथे कळते: विचारायला माणूस समोरच असतो. ‘मासा दाखवता का?’ म्हटलं तर तो ताटलीत घालून आणतो. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा, एवढं पाहिलं तरी पुरे. वास समुद्राचा यावा, मासळीचा नव्हे. तो उग्र दर्प मासा मेल्यानंतर जिवाणूंच्या करणीने चढत जातो. मोठ्या ठिकाणी हाच प्रश्न वेटर कॅप्टनला विचारतो, कॅप्टन आत जातो आणि उत्तर येतं, ‘सगळं फ्रेश आहे, सर.’

फळ्याचा अर्थही नीट वाचायला हवा. समुद्र खवळला, बोटी गेल्या नाहीत किंवा विणीच्या काळात मासेमारी बंद असली, की फळा आखडतो. ‘आज नाही’ हे ऐकून हिरमोड होतो खरा, पण मला त्या उत्तराचा भरवसा वाटतो. उलट, बाराही महिने सगळे मासे मिळणारं छोटं हॉटेल दिसलं तर समजावं, माल शीतगृहातूनच येतोय. मग लहान जागेची गैरसोय तरी कशाला सोसायची? भाज्यांचंही तसंच. आसपासच्या मळ्यातलं जे निघालं ते पानात येतं, मग चार दिवस तीच भाजी मिळाली तरी तक्रार करू नये.

मोठ्या रेस्टॉरंटची बाजू मात्र काही ठिकाणी निर्विवाद वरचढ आहे. कुणाला कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी असेल तर एकच कढई आणि एकच तेल असलेल्या स्वयंपाकघरात जाऊच नये. मोठ्या ठिकाणीही वेगळी भांडी, वेगळं तेल आहे का, हे विचारून घ्यावं लागतं. पण ती सोय असलीच तर तिथेच असते. शाकाहारी मंडळींनाही तिकडे निवड जास्त. आठ-दहा जणांचा गोतावळा, त्यात कंटाळलेली पोरं, असं असेल तर विषयच संपला.

वेळेचा हिशेब वेगळा. दोन शेगड्यांवर सहा टेबलांचं रांधायचं म्हणजे पाऊण तास सहज जातो. पोटात कावळे ओरडायला लागल्यावर छोट्या हॉटेलात जाऊ नका, चिडचिड होते आणि दोष बिचाऱ्या आचाऱ्यावर जातो.

बिलाचं एवढंच, की मासा वजनावर असेल तर भाव आधी विचारा, आणि वजन कच्च्या माशाचं की साफ केलेल्याचं तेही. यात लाजायचं काही नाही. समुद्राचा देखावा हवा असेल तर बहुधा मोठ्याकडेच जावं लागतं. छोट्या हॉटेलच्या खिडकीतून पुष्कळदा मागची गल्लीच दिसते.

कालवं, शिंपल्या कच्च्या खायच्या असतील तर दोन्हीकडे सारखीच सावधगिरी हवी. ते जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातलं बरं-वाईट त्यांच्यात साठतं. ती कुठून काढली हे सांगता येत नसेल तर सोडून द्यावीत.

दोघं-तिघं असू आणि हाताशी वेळ असेल तर मी छोटं हॉटेल निवडतो, तेही शक्यतो दुपारी, कारण पहाटेच्या बोटींचा माल रात्रीपर्यंत उरेलच असं नाही. फळ्यावरची एखादी ओळ पुसलेली दिसली, की आणखी काही न विचारता आत शिरतो.