चकचकीत डिस्ट्रिब्युटर आणि साडेसहा हजारांचा चुना

माझ्याकडे वडिलांची अँबेसेडर आहे. मार्क 4, 1984 सालची, 1489 सीसी पेट्रोल. महिन्यातून दोन-तीनदा नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरहून बर्डीपर्यंत नेतो, एखाद्या रविवारी रामटेकला. मार्चपासून ती कुरबुर करू लागली. उभ्या जागी थरथरायची, वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना टकटक ठोकायची, मधूनच एखादं सिलेंडर सोडून द्यायची. प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुऊन घेतला. फरक शून्य.

ओळखीतल्या एकाने कामठी रोडच्या बाजूचा एक मिस्त्री सुचवला. जुन्या गाड्यांचा डॉक्टर आहे म्हणे. त्याने डिस्ट्रिब्युटरची (चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढली, रोटर उपसला, शाफ्टचं टोक चिमटीत धरून आडवं हलवलं आणि मलाही हलवायला लावलं. खुळखुळत होतं.

“पाहा काकाजी, कसा हालते. बुश गेला हाये. पुरा ओव्हरहॉल करा लागते.”

हे निदान शंभर टक्के खरं होतं, आणि मी फसलो ते नेमका त्यामुळेच. खोटं सांगणारा माणूस मला ओळखता येतो असा माझा समज आहे (बँकेत बत्तीस वर्षं काढल्यावर तो होतोच). पण आधी खरं सांगून मग चोरी करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी. तो झिजला की काय होतं, ते थोडक्यात सांगतो. शाफ्टवर चार उंचवट्यांचा कॅम असतो. दर उंचवटा सीबी पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकांची जोडी) उघडतो आणि तेव्हा ठिणगी पडते. पॉइंटमधली फट 14 ते 16 थाऊ हवी, म्हणजे साधारण 0.36 ते 0.41 मिलिमीटर. शाफ्टच डोलत असेल तर एका उंचवट्यावर 16 थाऊ मिळते आणि पुढच्यावर 11. मग चार सिलेंडरचं टायमिंग चार तऱ्हांचं. पॉइंट कितीही वेळा सेट करा, इंजिन सुधारत नाही.

त्याने यादी सांगितली: नवा बुश, ॲडव्हान्सच्या नव्या स्प्रिंगा, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, व्हॅक्यूमचा डायफ्राम. किट मुंबईहून बोलवावं लागेल. 6,500 रुपये, सगळे आधी. यूपीआय करायला त्याने भाच्याचा नंबर दिला. बिलाचं विचारलं तर म्हणाला, “बिल कायचं जी? आपण का पळून चाललो?” मी हसलो आणि पैसे पाठवले. ही मागून म्हणालीच, “काम व्हायच्या आधी पूर्ण पैसे कोण देतं?” मी देतो, असं उत्तर माझ्याकडे होतं.

दहा दिवसांनी डिस्ट्रिब्युटर बसवून मिळाला. ॲल्युमिनियमचं अंग आरशासारखं घासलेलं, लालभडक कॅप, झळझळीत वायरी. मी शाफ्ट हलवून पाहिला. घट्ट! गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. फक्त पुलावर चढताना टकटक पूर्वीपेक्षा जास्त वाटली. उन्हामुळे असेल म्हटलं, मे महिना होता आणि पारा पंचेचाळीसला टेकला होता.

दोन आठवड्यांत चारेकशे किलोमीटर झाले असतील. रामटेकला जाताना मनसरच्या अलीकडे गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. करंटच नाही. भर उन्हात दीड तास थांबलो, मग टोचन करून परत आणली.

या वेळी घराजवळच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. हे काका बोलत फार नाहीत. त्यांनी कॅप काढून पॉइंट पाहिले तर फट जवळपास मिटलेली. कॅमवर ग्रीसचा थेंब नव्हता, त्यामुळे पॉइंटची फायबरची टाच घासून गेली होती. पॉइंट उघडतच नव्हते, मग ठिणगी कुठून पडणार? शाफ्ट हलवला तर पहिल्यापेक्षा जास्त खुळखुळ. मी म्हटलं, नवा बुश आहे हो. त्यांनी शाफ्ट बाहेर काढला आणि बुशच्या तोंडावर टॉर्च धरला. आत कडेने सेंटर पंचाच्या खुणा होत्या. जुन्याच बुशला पंच मारून धातू आत दाबला होता, म्हणून शाफ्ट तेवढ्यापुरता घट्ट झाला. ते उंचवटे दोन आठवड्यांत झिजून गेले.

खाली ॲडव्हान्सची वजनं होती. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंगा मुद्दाम वेगवेगळ्या असतात, एक नाजूक, एक जाड. माझ्यात दोन्ही नाजूक, कशातल्या तरी काढून लावलेल्या. म्हणजे थोडा वेग येताच सगळा ॲडव्हान्स एकदम, आणि म्हणूनच ठोकणं वाढलेलं. व्हॅक्यूमचा डायफ्राम इंजिनच्या ओढीने पॉइंटची प्लेट फिरवतो. त्याची नळी काकांनी तोंडाने ओढली आणि टोकाला जीभ लावली. ओढ टिकली नाही, प्लेटही हलली नाही. डायफ्राम फाटका.

नवीन होतं काय? कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर आणि वायरी. बाहेरून दिसणारं किंवा कॅप काढली की दिसणारं तेवढंच.

पण खरा धक्का पुढे होता. गाडी द्यायच्या आधी मी मोबाइलवर एक फोटो काढला होता, कारण प्लगच्या वायरी 1-3-4-2 या क्रमाने परत लागतात की नाही याची मला नेहमी धास्ती असते. काकांनी तो मोठा करून पाहिला. अंगावर कोरलेला नंबर फोटोत स्पष्ट होता. टेबलावरच्या पीसवर त्या जागी कानस फिरवलेली. आरशासारखी घासाई कशासाठी होती ते तेव्हा कळलं. वडिलांच्या गाडीचा मूळ डिस्ट्रिब्युटर गेला होता, त्याजागी कुठल्या तरी भंगारातलं अंग आलं होतं. आधी माझाही खुळखुळत होता हे खरं, पण त्याची वजनं, स्प्रिंगा, डायफ्राम शाबूत असावेत. नव्या बुशवर तो आणखी पंचवीस वर्षं चालला असता.

मी परत गेलो. मिस्त्री म्हणाला, “हाच तुमचा हाये जी, काकाजी. तुमी विसरले असान.” फोटो दाखवल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. पण माझ्याकडे बिल नाही, आणि पैसे गेलेत भाच्याच्या नावावर. घरी यावर कुणी काही बोलत नाही, ते जास्त लागतं.

काकांनी लेथवाल्याकडून ब्राँझचा बुश करून घेतला, रीमर फिरवून शाफ्टला बसवला. स्प्रिंगा आणि डायफ्राम एका जुन्या पीसमधले शोधले. जुना पंच मारलेला बुश न मागता कागदात बांधून माझ्या हातात दिला. सगळे मिळून 1,900. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) पुलीवर धरला तेव्हा खूण एका जागी स्थिर उभी होती. आधी ती नाचायची. मिस्त्रीकडे जुने भाग मागितले असते किंवा टायमिंग लाइट धरून वेग वाढवून दाखव म्हटलं असतं, तर तिथेच पितळ उघडं पडलं असतं. तो लाइट तर त्याच्या भिंतीवरच टांगलेला होता.

माझा डिस्ट्रिब्युटर अजून नागपुरातच कुठेतरी असणार. कॅपच्या एका क्लिपला वडिलांनी तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आहे, खालच्या बाजूला हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका आहे. कुणाला नुकताच “ओरिजिनल पीस” म्हणून विकला गेला असेल तर ती क्लिप एकदा बघा. नंबर माझ्या फोटोत आहे, जुळवून पाहू.