नवराबायकोतली जवळीक थांबलीय, मग सेक्स थेरपी, कपल थेरपी की आधी डॉक्टर?

लग्नाला काही वर्षं झाल्यावर जवळ येणंच बंद पडतं, किंवा जवळ गेलं की दुखतं, भीती वाटते, आणि बेळगाव-खानापूर-निपाणीकडं हे बोलायचं कुणाजवळ, मग माणूस भिंतीवरची गुप्तरोगाची जाहिरात बघून लॉजवरच्या वैद्याकडं जातो. तसं करू नका ओ.

आधी शरीर तपासा. ताठरता येत नसेल तर शुगर-बीपी बघाच, डायबेटीस कधीकधी इथूनच पहिल्यांदा कळतो. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण इच्छा कमी होते, पण त्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टर बदलून देऊ शकतात. बाईला दुखत असेल तर "सहन कर, सवय होईल" हे ऐकूच नका, गायनॅककडं जा. आत स्नायू आपोआप आवळत असतील तर पेल्विक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची) फिजिओथेरपी आणि डायलेटरनं (बारीक ते जाड अशा गुळगुळीत नळ्या, हळूहळू वापरायच्या) बऱ्याच जणींना फरक पडतो.

रिपोर्ट ठीक, तरी जमत नाही, भांडण पण नाही, नुसती "आज होईल का" ही धास्ती, तर माझं मत सरळ सेक्स थेरपी. यातला सेन्सेट फोकस, म्हणजे टप्प्याटप्प्यानं स्पर्शाचा सराव, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीनं आणला, 1970 च्या आसपास. सुरुवातीला संबंध ठेवायलाच मनाई, फक्त स्पर्श, तोही छाती आणि गुप्तांग सोडून, मग हळूहळू पुढं. पास-नापास काही उरत नाही म्हणून धास्ती उतरते. अडचण एकच, होमवर्क घरी करायचा असतो आणि दोन खोल्यांत सासू-सासरे, पोरं सगळी, म्हणून एकांत कधी मिळतो हे पहिल्याच दिवशी थेरपिस्टला सांगा, ते त्याप्रमाणं बसवून देतात.

पण आत राग साठलाय, एक मागं लागतो नि दुसरा गप्प होतो, तिथं हा होमवर्क कुणी करतच नाही. तिथं कपल थेरपी, त्यातली इमोशनली फोकस्ड थेरपी बरी, म्हणजे दोघांनी मनातलं बोलून नातं सांधायची, 1980 च्या दशकात सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी बसवलेली, साधारण 8 ते 20 सेशन. दुखण्यावर मात्र हिचा थेट उपाय नाही. आणि घरात मारहाण असेल तर दोघांना एकत्र बसवणं धोक्याचं, आधी बाईची सुरक्षितता.

धात गेली की ताकद जाते असली भीती डोक्यात असेल तर सीबीटी (चुकीचे विचार आणि सवयी बदलायची बोलण्याची थेरपी), जोडीदार यायला तयार नसला तरी एकट्याला जाता येतं.

बेळगावकरांना धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. नाहीतर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, 14416, फुकट, मराठीत पण बोलतात. खाजगीत गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन विचारा, फी आधीच विचारा, आणि दोघं घरी ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत सेशन होईल का तेही विचारा, कारण असलं बोलणं कन्नड-इंग्लिशमधून जुळवत बसलात तर निम्मं पोटातच राहतंय.