क्वालिटीराइट्स टूलकिट : फुकट आहे, कामाचं आहे, आम्हाला मात्र उशिरा सापडलं

भाऊ मागच्या वर्षी एका मानसोपचार हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट होता, नाव घेत नाही. तो घरी आल्यावर शोधता शोधता हे टूलकिट हाती लागलं, म्हणजे मानसोपचाराच्या ठिकाणी पेशंटचे हक्क पाळले जातात का हे तपासायची प्रश्नावली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये काढलंय, पीडीएफ फुकट मिळते. दिव्यांगांच्या हक्कांचा २००६ चा जो युएन करार आहे त्याच्यावर बेतलेलं. पाच भाग आहेत, राहण्याची सोय, उपचार, स्वतःचे निर्णय स्वतः घेणं, छळ-मारहाणीपासून संरक्षण आणि शेवटी बाहेर चारचौघांत राहता येणं.

आवडलं काय तर प्रश्न किती बारीक आहेत ते! बाथरूममध्ये आडोसा आहे का, कधी झोपायचं कधी उठायचं हे पेशंट ठरवतो का, फोनवर मोकळेपणी बोलता येतं का. आमच्याकडे फोन पहिल्याच दिवशी काढून घेतला, मग आठवड्यातून एकदा पाच मिनिटं, तेही सिस्टर समोर उभ्या, आणि आम्हाला वाटलं की असा नियमच असणार, विचारायचं कशाला.

तिसरा भाग वाचताना मात्र मी पीडीएफ बंद करून टाकली होती. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर सही मी केली, भाऊ शेजारच्याच खुर्चीत बसलेला, चांगला शुद्धीवर, त्याला कोणी एक शब्द विचारला नाही. मी पण नाही. यात लिहिलंय की संमती त्याची, तीही आधी सगळं नीट समजावून, आणि नको म्हणायचा हक्कसुद्धा त्याचाच. पुढच्या भागात बांधून ठेवणं, एकट्याला कोंडणं याच्याऐवजी दुसरे मार्ग वापरा म्हणतात, आणि शॉक ट्रीटमेंट भूल न देता अजिबात नाही.

खटकलं ते म्हणजे हे सगळं तपासणी कमिटीसाठी लिहिलंय, मुलाखती घ्या, वॉर्ड बघा, कागदपत्रं तपासा वगैरे. कमिटीत या आजारातून गेलेली माणसं हवीत म्हणतात ते एकदम पटलं, पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या घरच्यांना याचा काय उपयोग? एका पानाची यादी दिली असती तर पाच स्टार दिले असते. सध्या चार.

प्रत्येक मुद्द्याला शेरा द्यायचा असतो, 'पूर्ण' पासून 'सुरुवातच नाही' पर्यंत. भावाला तिसऱ्या भागाची प्रिंट दिली. त्याने जवळपास सगळीकडे 'सुरुवातच नाही' लिहिलं, फक्त एका ठिकाणी कडेला पेन्सिलने, 'रात्रीच्या सिस्टर इंजेक्शन द्यायच्या आधी विचारायच्या.'