कोणाला कोणते प्रश्न: सोडत कुठे काढावी?

ऑनलाइन सर्व्हेत प्रश्न पन्नाशी ओलांडू लागले की मोबाइलवरचा माणूस मध्येच लिंक बंद करतो. तेव्हा सगळ्यांना सगळे विचारायचे नाही, हा मार्ग बरा. समजा शहरातल्या नागरी सुविधांचा सर्व्हे आहे. वय, प्रभाग, घर स्वतःचे की भाड्याचे असे ८ प्रश्न सर्वांना, आणि पाणी, कचरा, बस, रस्ते या चार गटांत प्रत्येकी १२. एकाला चारांपैकी दोनच गट दिले तर त्याच्या वाट्याला ५६ ऐवजी ३२ प्रश्न येतात. कोणते दोन, हे सोडतीने ठरवायचे. ती सोडत गूगल फॉर्ममध्ये जुळवावी, क्वालट्रिक्स या सर्व्हे-साधनातल्या रँडमायझरवर (सोडत काढणाऱ्या सोयीवर) सोपवावी, लाइमसर्व्हे या दुसऱ्या सर्व्हे-साधनात सूत्र लिहून काढावी की आधीच यादीत काढून ठेवावी, एवढाच प्रश्न आहे.

एकाला एकच गट का नको? कारण मग पाण्यावर नाराज असलेला माणूस रस्त्यांवरही नाराज आहे का, हे कधीच कळणार नाही. दोन्ही गट सोडवलेला एकही माणूस हाती नसेल. चारांतून दोन निवडले की सहा जोड्या होतात. १ म्हणजे पाणी-कचरा, २ पाणी-बस, ३ पाणी-रस्ते, ४ कचरा-बस, ५ कचरा-रस्ते, ६ बस-रस्ते. ६०० जणांनी भरले तर प्रत्येक गटाला साधारण ३०० उत्तरे आणि प्रत्येक जोडीला साधारण १०० माणसे मिळतात. पुढचे सगळे जोड्यांच्या १ ते ६ या आकड्यांवर चालते.

गूगल फॉर्म सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून आधी त्याचा विचार होतो. त्यात प्रश्नांचा क्रम उलटसुलट करता येतो, पण कोणाला कोणता विभाग द्यायचा याची सोडत नाही. मग लोक जन्मतारीख विचारतात आणि उत्तरावरून पुढचा विभाग ठरवतात: तारीख विषम असेल तर इकडे, सम असेल तर तिकडे. कागदावर हे ठीक दिसते. वर्षात विषम तारखा १८६ आणि सम १७९, म्हणजे फरक नगण्य. पण महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यावर १ जून घातलेली किती माणसे आहेत, हे कोणत्याही कार्यालयातल्या जुन्या हजेरीपटावर दिसेल. ती सगळी विषम बाजूला जातात. त्यात बहुतेक जुन्या पिढीतली आणि ग्रामीण भागातून आलेली, म्हणजे दोन बाजूंच्या माणसांची वयेच वेगळी होऊन बसतात. मग पाण्याच्या उत्तरांत दिसलेला फरक पाण्याचा की वयाचा, हे सांगता येत नाही. पर्यायांचा क्रम उलटसुलट करून ‘जो पहिला दिसेल तो निवडा’ अशी विनंती करणे त्यापेक्षा बरे. तरी सहा जोड्यांसाठी, सोडतीचा प्रश्न एकदाच विचारायचा तर, काटकसर करूनही ९ विभाग बनवावे लागतात, कारण प्रत्येक विभागानंतर कुठे जायचे ते एकच ठरवता येते. तेच ४८ प्रश्न १०८ स्तंभांत विखुरतात आणि नंतर हाताने जुळवत बसावे लागते.

हेही एखाद्याने सोसले असते. माझा कौल फिरला तो मध्येच सोडून जाणाऱ्यांमुळे. गूगल फॉर्म शेवटी ‘सबमिट’ दाबल्याशिवाय काहीच नोंदवत नाही. रस्त्यांच्या गटात बारा ओळींचा तक्ता आहे आणि तिथे लोक कंटाळून निघून जातात, असे धरा. जे टिकले ते चिकाटीचे, किंवा रस्त्यांवर खरोखर चिडलेले. सोडत कितीही प्रामाणिक असली तरी रस्त्यांचा गट पूर्ण करणारे आता बाकीच्यांसारखे राहिले नाहीत, आणि फॉर्ममध्ये याचा मागमूसही नाही. जोडी १ शंभर जणांना मिळाली आणि ९२ जणांनी पूर्ण केली, जोडी ६ एकशेचार जणांना मिळाली आणि ७१ जणांनीच पूर्ण केली, असा तक्ता समोर असेल तरच निष्कर्ष किती ताणायचा ते ठरवता येते. म्हणून माझी पहिली अट एकच: सोडतीचा आकडा, माणूस त्या गटात शिरण्याआधीच, स्वतंत्र स्तंभात साठलेला हवा.

लाइमसर्व्हेत हे सहज होते. ‘इक्वेशन’ प्रकारचा एक प्रश्न घ्यायचा, त्याला सोडत असा कोड द्यायचा आणि कायम लपवलेला ठेवायचा. तो संमतीच्या प्रश्नासोबत पहिल्या पानावर ठेवावा, जोडीच्या गटांबरोबर एकाच पानावर नको. ‘पुढे’ दाबताच आकडा साठतो आणि मगच गट उघडतात. गटांच्या अटी अशा: सोडत १, २ किंवा ३ असेल तर पाणी, १, ४ किंवा ५ असेल तर कचरा, २, ४ किंवा ६ असेल तर बस, ३, ५ किंवा ६ असेल तर रस्ते.

चूक होते ती सूत्रात. नुसते ‘रँड, १ ते ६’ (रँड म्हणजे यादृच्छिक आकडा काढणारी आज्ञा) लिहिले की पान पुन्हा तपासले जाताना आकडा पुन्हा निघतो. उत्तर देणारा वय दुरुस्त करायला मागे गेला आणि पुढे आला, की २ चा ५ झालेला असतो. पाणी आणि बस हे गट आता त्याला लागू नाहीत, म्हणून लाइमसर्व्हे त्यातली भरलेली उत्तरे पुसून टाकतो. लागू नसलेल्या प्रश्नांची उत्तरे न ठेवणे ही त्याची मूळ मांडणीच आहे. माणूस वैतागून नवे दोन गट भरतो किंवा निघून जातो. भरलेच, तर ओळ अगदी पूर्ण दिसते आणि त्याने ५६ प्रश्न सोसले हे कुठेच दिसत नाही. म्हणून सूत्रात इफ आणि इज-एम्प्टी घालायचे: सोडत रिकामी असेल तर १ ते ६ मधला आकडा काढ, नाहीतर आहे तोच ठेव. सूत्रात प्रश्नाचा कोड लिहिताना पुढे डॉट आणि एनएओके (.NAOK, म्हणजे ‘लागू नसला तरी चालेल’ अशी खूण) जोडावे. ती खूण नसली तर लागू नसलेल्या प्रश्नावर अख्खे सूत्रच रिकामे परत येऊ शकते. मागे जाण्याचे बटण बंद करणे हा उपाय अनेक जण सुचवतात. मला तो पटत नाही, कारण मोबाइलवर चुकीचे बोट पडणे नेहमीचे आहे आणि चुकलेले वय तसेच राहते.

आणखी एक घोटाळा नावामुळे होतो. प्रश्नगटाच्या मांडणीत ‘रँडमायझेशन ग्रुप’ अशी एक चौकट असते. तिथे चारही गटांना एकच नाव दिले की दोन गट निवडले जातील, असे वाटते. तसे होत नाही. चारही गट दिसतात, फक्त क्रम बदलतो. क्रमाचा परिणाम टाळायला ती चौकट उपयोगी आहे, वाटपाला नाही.

क्वालट्रिक्स वापरायला निःसंशय सोपे. सर्व्हे फ्लोमध्ये (कोणत्या प्रश्नांनंतर काय, हे मांडायच्या जागी) रँडमायझर टाकायचा, चारांतून २ दाखव असे सांगायचे, झाले. समान वाटपाची खूणही तिथेच आहे. ती खूण समानता राखते ती रँडमायझरपाशी पोचलेल्यांची, पूर्ण करणाऱ्यांची नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. कोणाला काय मिळाले हे हवे असेल तर माहिती उतरवताना क्रमाची माहिती मागणारा पर्याय निवडावा लागतो, किंवा प्रत्येक शाखेत एम्बेडेड डेटाचा (उत्तरांसोबत आपण साठवलेल्या नोंदीचा) तुकडा आधी ठेवावा लागतो. तो ब्लॉकच्या, म्हणजे त्या प्रश्नगटाच्या, वर हवा. खाली ठेवला तर मध्येच सोडणाऱ्यांची नोंद पुन्हा हरवते. विद्यापीठाने परवाना घेतलेला असेल तर क्वालट्रिक्स सोडून माझ्या मागे या, असे मी म्हणणार नाही. परवाना नसलेल्या छोट्या संस्थेला मात्र तो परवडेलच असे नाही, आणि लाइमसर्व्हे स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येतो.

यादीचा मार्ग सांख्यिकीच्या दृष्टीने सर्वांत नेटका. स्प्रेडशीटमध्ये १ ते ६ आकडे सहा-सहाच्या ठोकळ्यांत उतरवायचे, शेजारी यादृच्छिक संख्यांचा स्तंभ, त्याला पुन्हा न बदलणाऱ्या आकड्यांचे रूप द्यायचे, आणि मग प्रत्येक ठोकळ्यात त्याप्रमाणे क्रम लावायचा. हा आकडा लाइमसर्व्हेच्या सहभागींच्या तक्त्यात जादा स्तंभ म्हणून भरता येतो. चाळीसच माणसे असतील तर मी हाच मार्ग घेईन, कारण साध्या सोडतीत, सहा जोड्या सोडा, चार समान वाट्यांतही दहाच्या जागी पाच किंवा पंधरा येणे अगदी शक्य असते. चारशे असतील तर शंभराच्या जागी ८३ ते ११७ ही नेहमीची हालचाल, त्यावर झोप उडवू नये. यादीची अडचण वेगळीच: लिंक व्हॉट्सॲपवर पुढे गेली की यादी संपली. उत्तरे निनावी ठेवली तर तक्त्यातला तो आकडा प्रश्नावलीला मिळतच नाही, हेही आधीच माहीत असावे.

प्रश्नावली घेऊन घरोघर जाणारे कोबोटूलबॉक्स हे साधन वापरतात. तिथे ‘रँडम’भोवती ‘वन्स’ (एकदाच) घालणे हेच वरच्या इज-एम्प्टीचे काम करते. फक्त गणक, म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस, लांब गट आला की न साठवता फॉर्म बंद करून नवा उघडत नाही ना, यावर लक्ष हवे.

लिंक खुली करण्याआधी लाइमसर्व्हेत सूत्राच्या जागी क्रमाने १, २ असे ६ पर्यंत पक्के आकडे टाकून सहाही वाटा एकदा पूर्ण चालून पाहाव्यात. मग सूत्र परत बसवून वीसेक फेऱ्या माराव्यात, प्रत्येक फेरीत एकदा मागे जाऊन. तारीख-वेळेची नोंद आणि प्रत्येक गटाला लागलेला वेळ हे दोन्ही पर्याय सर्व्हे सुरू करण्याआधीच चालू करावेत. नंतर ते बदलता येत नाहीत, आणि चालू सर्व्हेत नवा प्रश्नही घालता येत नाही. चाचणीच्या ओळी पुसाव्यात. पहिल्या दोन दिवसांनी अपूर्ण उत्तरांसह सगळी माहिती उतरवून सोडतीच्या स्तंभाप्रमाणे मोजणी करावी: किती जणांना ती जोडी मिळाली, किती जणांनी पूर्ण केली, आणि कोणत्या पानावर लोक थांबले.