नेरूळ–सीवूड्स: शाळा आणि लोकल, दोन्हींचा हिशोब

मुलाच्या पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षे जातात. तेवढ्या काळात आईवडिलांपैकी एकाचे तरी ऑफिस बदलतेच. म्हणून शाळेसाठी भाग निवडताना पाहायचे ते हे, की ऑफिस बदलले तरी घर आणि शाळा जागेवर राहतील का. ठाणे आणि नवी मुंबईत या कसोटीवर नेरूळ आणि त्याला लागून असलेले सीवूड्स आमच्या मते सर्वांत वर येते. त्यातही सगळे सेक्टर सारखे नाहीत.

लोकलपासून सुरुवात करू. नेरूळला हार्बर (सीएसएमटी–पनवेल), ट्रान्स-हार्बर (ठाण्याकडे जाणारा) आणि उरण अशा तिन्ही मार्गांच्या गाड्या मिळतात. आज फोर्टात, उद्या महापेत, परवा ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये किंवा ठाण्यात ऑफिस आले तरी स्टेशन तेच राहते. बेलापूरची कोकण भवन आणि सिडको भवन ही सरकारी कार्यालये दोन स्टेशनांवर. सीएसएमटीला साधारण तास लागतो, कारण हार्बरवर फास्ट लोकल हा प्रकारच नाही आणि प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. कुर्ल्याला सुमारे अर्धा तास.

सकाळी सीट हवी असेल तर पनवेलहून येणाऱ्या गाडीची वाट पाहू नका, ती खारघर, बेलापूर करत भरूनच येते. बेलापूरहून सुटणारी लोकल पाहा. सीवूड्स तिचे दुसरेच स्टेशन आणि नेरूळ तिसरे. ठाण्याकडे जाणाऱ्यांचे तर आणखी बरे, नेरूळहूनच सुटणाऱ्या ठाणे लोकल आहेत. परतताना ठाण्यात ट्रान्स-हार्बरचे प्लॅटफॉर्म 9 आणि 10 आहेत, आणि मेन लाइनच्या गाडीतून उतरून तिथवर पूल ओलांडून जायला गर्दीच्या वेळी पाच-सात मिनिटे सहज जातात. दोन गाड्यांचा मेळ बसवताना ती धरा. उरण मार्ग 12 जानेवारी 2024 पासून थेट उरणपर्यंत सुरू आहे, पण फेऱ्या मोजक्या. जेएनपीटी बंदराकडे नोकरी असेल तर वेळापत्रक खिशात ठेवावे लागते. रविवारी हार्बरचा मेगाब्लॉक असतो, त्यामुळे रविवारची शिफ्ट असणाऱ्यांनी त्याचाही विचार करावा.

अंधेरी, गोरेगाव किंवा सीप्झ मात्र या भागाला जमत नाही. पनवेल–गोरेगाव थेट गाड्या थोड्या, एरवी वडाळा रोडला बदल आणि पुढे परत तीच गर्दी. दोघांचीही ऑफिसे पश्चिम उपनगरात असतील तर इथे घर घेऊ नये.

आता शाळा. सीबीएसईच्या शाळांची इथे गर्दी आहे: सीवूड्स बाजूला सेक्टर 48 मध्ये डीएव्ही, सेक्टर 52 मध्ये दिल्ली पब्लिक स्कूल, पूर्वेला सेक्टर 15 मध्ये अपीजय. मराठी घरांना सेक्टर 18 मधले पुणे विद्यार्थी गृहाचे विद्याभवन ओळखीचे आहे. नवी मुंबई महापालिकेची स्वतःची सीबीएसई शाळाही सीवूड्सच्या सेक्टर 50 मध्ये आहे. महापालिका सीबीएसई शाळा चालवते हे अजून अनेकांच्या गावी नाही, आणि खासगी शाळेची फी झेपत नसेल तर चौकशी तिथूनच सुरू करावी.

या भागातली खरी मेख आहे रेल्वे रुळांची. नेरूळमध्ये साधारणपणे सम आकड्यांचे सेक्टर पश्चिमेला आणि विषम आकड्यांचे पूर्वेला (सीवूड्सकडे गेल्यावर हा नियम ढिला पडतो). नकाशात घर आणि शाळा दीड किलोमीटरवर दिसतात, पण मध्ये रूळ असले की शाळेची बस भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल गाठायला वळसा घेते. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की भुयारी मार्गांत पाणी साचते आणि बस अडकते. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून उभा राहिला आहे, पावसाचे पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला खाडीत सोडायचे अशी व्यवस्था आहे. भरतीच्या वेळी पाण्याला वाटच नसते. त्यामुळे शाळा ज्या बाजूला, घर त्याच बाजूला. आईवडील रूळ ओलांडून स्टेशन गाठू शकतात, सात वर्षांच्या मुलाला ते रोज करायला लावू नये.

बसबद्दल शाळेत फक्त 'आमच्या सेक्टरला येते का' एवढेच विचारतात. विचारायचे ते हे, की आपला थांबा मार्गावर कितवा. सकाळी पहिला असलेला थांबा दुपारी बहुधा शेवटचा नसतो, त्याच क्रमाने मुलांना सोडले जाते. पण काही मार्गांवर उलट क्रम असतो, आणि मग मूल दोन्ही वेळा सर्वांत जास्त बसमध्ये बसते. बसमध्ये महिला सहायक आहे का आणि शाळेची परिवहन समिती नावापुरती तर नाही ना, हेही पाहा.

प्रवेशाआधी तपासायच्या गोष्टी थोड्या आणि नेमक्या आहेत. सीबीएसई म्हणवणाऱ्या शाळेचा संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर पाहा; संलग्नता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे तेही तिथेच कळते. 'सीबीएसई पॅटर्न' म्हणजे सीबीएसई नव्हे. दरवर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास महापालिकेचा शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, ती वाचल्याशिवाय पैसे भरू नका. राज्याच्या नियमाने पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षे आणि नर्सरीसाठी तीन वर्षे पूर्ण लागतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जन्मलेल्या मुलांचा हिशोब आधी करा. फीबाबत 2011 चा शुल्क नियमन कायदा लागू आहे आणि ठरलेली फी दोन वर्षे बदलता येत नाही. यंदाची फी या दोन वर्षांतल्या पहिल्या वर्षाची की दुसऱ्या, हे विचारले तर पुढच्या वर्षीचा धक्का आधीच कळतो.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांसाठी घर ते शाळा हे अंतर महत्त्वाचे आहे: आधी एक किलोमीटरच्या आतले, मग एक ते तीन. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण स्वतः ठेवावी लागते. ती चुकून दुसऱ्या गल्लीत पडली आणि पडताळणीत पत्ता जुळला नाही, तर लागलेला नंबरही जातो. भाड्याने राहणाऱ्यांकडे अर्जाच्या तारखेआधीचा नोंदणीकृत भाडेकरार हवा. नोटरीचा कागद चालत नाही.

घराच्या बाबतीत इथली मोठी सोय म्हणजे पाणी. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे आणि त्याचा फरक शेजारच्या खारघरशी तुलना केली की कळतो. खारघर पनवेल महापालिकेत येते, उन्हाळ्यात तिथल्या सोसायट्यांत टँकर नवा नाही. दोष आहे तो इमारतींच्या वयात. सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ; नेरूळमधल्या त्याच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नाही, पार्किंग नाही आणि छताचे प्लास्टर सुटते. तीस वर्षांपुढच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवे. अहवालाची प्रत सोसायटीकडे मागा, आणि पावसाळ्याआधी महापालिका प्रसिद्ध करते त्या धोकादायक इमारतींच्या यादीत नाव आहे का बघा. पुनर्विकासाची बोलणी सुरू असलेल्या इमारतीत भाड्याने जाऊन मुलाला शेजारच्या शाळेत घालणे म्हणजे दोन वर्षांनी घर शोधायची तयारी ठेवणे.

दरावे, करावे, कुकशेत, शिरवणे या गावठाणांच्या कडेला स्वस्त फ्लॅट दिसतात. त्यातले बरेच 'गरजेपोटी', म्हणजे मूळ गावकऱ्यांनी वाढत्या कुटुंबाची गरज सांगून बांधलेले, सिडकोच्या परवानगीशिवाय. भाड्याने राहायला हरकत नाही, पण विकत घेताना बँक कर्ज नाकारते तेव्हा कारण शोधायची गरज पडत नाही. सिडकोच्या रीतसर घरांचीही जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, विकत घेताना सिडकोचे हस्तांतरण शुल्क आणि ना हरकत पत्र धरावे लागते. हा खर्च कोणाचा, हे टोकन देण्याआधी लिहून घ्या.

ऐरोली ठाण्यात किंवा माइंडस्पेसमध्ये नोकरी असणाऱ्यांना उत्तम, पण नोकरी मुंबईत गेली की रोज ठाण्यात गाडी बदलायची. घोडबंदर रोडला शाळा चांगल्या, इमारती नव्या, मोठ्या. पण स्टेशन दूर आणि रस्ता एकच, त्यावर गुजरातकडे जाणारे कंटेनर. मेट्रो 4 पूर्ण सुरू होईपर्यंत तिथला प्रवास गायमुख घाट आणि ट्रॅफिक पोलिसांच्या मर्जीवर. खारघरला बेलापूर–पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली आणि आतल्या सेक्टरांची सोय झाली, तरी मुंबईकडे जाणाऱ्याचा प्रवास नेरूळपेक्षा लांबच.

गाडीने मुंबईला जाणाऱ्यांना ऑक्टोबर 2024 पासून वाशी नाक्यावर टोल नाही. अटल सेतू गाठायचा तर आधी उलव्याकडे उतरावे लागते आणि कारला एका फेरीचा टोल 250 रुपये. शिवडी-परळला ऑफिस असेल तरच रोजचा विचार करावा, एरवी पास काढून बेलापूर लोकल धरावी.