अस्थिविसर्जन गोव्यातच: हरवळे, नार्वे आणि एका पॅकेजचा अनुभव

निकाल आधीच सांगते. दहाव्याचे विधी सांखळीजवळच्या हरवळ्याला करा आणि अस्थी मांडवीकाठच्या नार्व्याला सोडा, तेही ओहोटी लागल्यावर. ज्यांच्या घरी आत्ता दिवस चालू आहेत त्यांनी एवढंच वाचलं तरी पुरे. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण हे ठरवायची वेळ येते तेव्हा घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस वेगळी जागा सुचवून जातो.

आम्ही म्हापशाचे. बाबा एप्रिलमध्ये गेले. ते खनिजाच्या बार्जवर सारंग, म्हणजे बार्ज चालवणारे प्रमुख होते. डिचोली-सांखळीकडचं खनिज मांडवीतून मुरगावला पोचवायचं, पावसाळ्यात आग्वादला, मांडवीच्या मुखाशी, दर्या खवळला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायचं, हेच त्यांचं आयुष्य. २०१२ साली खाणी बंद पडल्या, त्याआधीच ते निवृत्त झाले होते. पण घरात कुणी नदीबद्दल काही बोललं की ते आधी विचारायचे, "पाणी चढतंय की उतरतंय?"

काकांचं म्हणणं गोकर्ण. आजोबांना तिथंच पोचवलं होतं, तेव्हा दादालाही, म्हणजे बाबांनाही, तिथंच न्यायचं. गोकर्णाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. गोव्यातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या महाबळेश्वराच्या पायाशी पितृकर्म करत आली आहेत, आणि मडगावहून कोकण रेल्वेनं गोकर्ण रोडला उतरणं काही अवघड नाही. पण आईच्या गुडघ्यांना ना तो प्रवास झेपला असता ना ते ऊन, आणि आईला घरी ठेवून जाणं मला मान्य नव्हतं. आमच्या भटजींना विचारलं. ते म्हणाले, वाहतं पाणी हवं, संगम असला तर उत्तम, आणि पोचवणारी माणसं मनापासून आलेली हवीत. काका त्यावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गाडीत पुढच्या सीटवर तेच येऊन बसले.

हरवळे सांखळीपासून अगदी जवळ. धबधब्याच्या अंगालाच रुद्रेश्वराचं देऊळ आहे आणि देवळाचं दार धबधब्याकडे तोंड करून आहे. उत्तरक्रियेसाठी लोक इथं पूर्वापार येतात, त्यामुळे मुंडण केलेली माणसं, पिंडांची पत्रावळ, पांढऱ्या साडीतली बाई, यांतलं काहीच इथं कुणाला खटकत नाही. शोकात असलेल्या माणसाला ही केवढी मोठी सोय असते! कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. धबधब्याच्या थोडं अलीकडे जांभ्या दगडात कोरलेली जुनी लेणी आहेत, लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. लवकर पोचलात तर विधी सुरू होईपर्यंत म्हातारी माणसं त्या बाजूला सावलीत बसू शकतात.

आमचा काकस्पर्श लांबला. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, कावळे झाडावर होते पण एकही खाली उतरेना. भटजींनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. थोड्या वेळानं ते आईला म्हणाले, "वहिनी, त्यांचं काही राहिलं असेल तर बोला." आई काही बोलायच्या आतच काका पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "दादा, तुझ्या होडीचं डांबर अर्धवट राहिलंय, ते मी पावसाआधी पुरं करतो." कावळा शिवला. यावर कुणी काय विश्वास ठेवावा हे मी सांगणार नाही. पण दर्भाचा कावळा करून पाच मिनिटांत आटपता आलं असतं आणि ते आमच्या भटजींनी केलं नाही, याचं मोल माझ्या लेखी फार आहे. विधीसाठी माणूस निवडताना आधी हेच बघा.

हरवळ्याची अडचणही सांगायला हवी. ते पर्यटनाचं ठिकाणही आहे. रविवारी किंवा पावसाळ्यात धबधबा भरात असताना गेलात तर पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, आणि एका बाजूला पिंडदान चालू असताना दुसऱ्या बाजूला आरडाओरडा ऐकावा लागतो. आठवड्याचा मधला दिवस घ्या, सकाळी लवकर जा. धबधब्याखालच्या कोंडीत कुणालाही उतरू देऊ नका, पोरांना तर नाहीच. तिथं बुडून माणसं गेलेली आहेत.

अस्थी तिथंच का सोडल्या नाहीत, असं बऱ्याच जणांनी मला विचारलं. एप्रिलमध्ये धबधब्याची धार बारीक असते आणि खालचं पाणी जवळजवळ थांबलेलं. चितेत सगळं जळून उरतं ते मुख्यत्वे कॅल्शियमचं फॉस्फेट. ते पाण्यात सहजी विरत नाही, तळाशी बसतं. राख वाहून जाते, हाडांचे तुकडे तिथंच राहतात. ज्या माणसानं सगळं आयुष्य वाहत्या पाण्यावर काढलं त्याला साचलेल्या पाण्यात ठेवायला माझं मन घेईना. पावसाळ्यात गेलात तर गोष्ट वेगळी.

म्हणून नार्वे. इथल्या पात्राला लोक पंचगंगा म्हणतात आणि श्रावणातल्या कृष्णाष्टमीला इथं स्नानाला मोठी गर्दी होते. जवळच सप्तकोटेश्वराचं देऊळ. कदंब राजांचं हे कुलदैवत आधी नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते देऊळ मोडलं आणि देव पाणी ओलांडून इकडे आला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये इथलं देऊळ बांधायला घेतलं. सरकारनं अलीकडे त्याची डागडुजी केली आणि २०२३ मध्ये ते नव्यानं खुलं झालं.

देवळाचा हा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मनातून जाईना. हरवळे काय, नार्वे काय, आपण आजही ज्या जागांना जातो त्या डिचोली महालातल्या आहेत. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख. तिथं हिंदूंच्या विधींवर बंदी होती, आणि १५६० साली आलेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मधली थोडी वर्षं सोडली तर, १८१२ पर्यंत टिकलं. डिचोली, सत्तरी, पेडणे मात्र १७८० च्या दशकापर्यंत पोर्तुगिजांच्या हाताबाहेर राहिले. आमचं घराणं बारदेशातलं. आमच्या आधीच्या माणसांनी आपले मेलेले कुठे आणि कसे पोचवले असतील? देवासारखीच माणसांनाही नदी ओलांडावी लागली असणार. नार्व्याच्या काठावर उभी असताना मी समोरच्या दिवाडीकडे बघत होते आणि हाच विचार डोक्यात होता. विधीपेक्षाही त्या विचारानं मला रडू आलं.

आता कामाचं. नार्व्याला डिचोलीकडून रस्त्यानं जाता येतं, किंवा दिवाडीहून फेरीबोटीनं. फेरीबोटीतून अस्थी सोडू नका. बरोबर दुसरीही माणसं असतात, आणि इंजिनाच्या पाण्यात सगळं परत बोटीवर येतं. एखादी होडी ठरवा. आम्हाला गावातलाच एक होडीवाला मिळाला. अस्थी आहेत म्हटल्यावर तो पैशांचं बोललाच नाही, शेवटी आम्ही दिले ते त्यानं कपाळाला लावून घेतले. मांडवीला भरती-ओहोटी खूप आतपर्यंत असते, नार्व्याला तर चांगलीच जाणवते. चढत्या पाण्यात सोडलंत तर राख काठावरच्या खारफुटीत जाऊन अडकते. ओहोटी लागल्यावर तासाभरानं सोडा, नदी सगळं समुद्राकडे घेऊन जाते. वेळापत्रक नेटवर मिळतं, पण ते बहुतेक नदीच्या मुखाजवळचं असतं, आत पाणी वळायला आणखी वेळ लागतो. नेमकी वेळ होडीवाल्यालाच विचारा. आमचा होडीवाला पाण्यात एक काडी टाकून ती कुठे जाते ते बघत होता. काका म्हणाले, दादाही असंच करायचा.

पॅकेजबद्दल थोडक्यातच लिहिते. मावशीच्या वेळी मावसभावानं एका संस्थेकडून सगळं एकत्र ठरवलं होतं: गाडी, गुरुजी, पणजीहून बोट, फुलं, व्हिडिओ. साडेबारा हजार रुपये. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी गोत्र विचारलं आणि संकल्पात भलतंच म्हटलं. व्हिडिओवाल्यानं मावसभावाला कलश परत एकदा वर धरायला सांगितला, नीट आला नाही म्हणून. शेजारून गाणी लावलेली पर्यटकांची बोट गेली. मावशी आयुष्यभर मोठ्यानं बोललेली बाई नव्हे. परदेशातून दोन दिवसांसाठी येणाऱ्यांना अशा सेवेची गरज पडते हे मला समजतं, त्यांनी आगाऊ पैसे देण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: बोट आपल्या एकट्यांची आहे का, गुरुजींना त्या दिवशी दुसरं काम आहे का, आणि निघायची वेळ ओहोटी बघून ठरवली आहे का.

कलश मातीचाच घ्या. डिचोलीत कुंभारकाम पूर्वापार चालत आलं आहे, तिथं साधं छोटं मडकं दोनशेच्या आत मिळतं. वरून पांढरं कापड बांधलं की झालं. मडकं पाण्यात गेलं तरी माती मातीत जाते. तांब्याचा कलश देखणा असतो, पण तो एकतर नदीत धातू म्हणून पडून राहतो किंवा रिकामा घरी परत येतो, आणि परत आलेल्या कलशाचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. विमानानं न्यायचं असेल तर धातू नकोच, तपासणीच्या यंत्रात आतलं दिसत नाही म्हणून अडवतात. हे मला आमच्या शेजारच्या आंटीनं सांगितलं. तिच्या भावाचं दहन इंग्लंडात झालं आणि राख गोव्यात आली. कॅथलिकांना दहनाची मुभा १९६३ पासून आहे, पण राख नदीत सोडायची नाही, घरी ठेवायची नाही, पवित्र जागेतच ठेवायची, असं व्हॅटिकननं २०१६ मध्ये स्पष्ट केलं. तिनं ती गावच्या सिमितेरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. तिथं आधीपासून तिच्या आईची हाडं आहेत. इथल्या सिमितेरींत जागा कमी, म्हणून पुरलेल्याची हाडं काही वर्षांनी उकरून अशी कोनाड्यात नेतात.

पणजीचा मिरामार किनारा सुचवणाऱ्यांना उत्तर: जागा सुंदर आहे, भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आणि पर्रीकरांचं स्मारक तिथंच आहे, संध्याकाळी जाऊन बसावं. पण अस्थींसाठी नको. लाट सगळं परत वाळूवर आणून टाकते आणि ते आपल्याच डोळ्यांनी बघावं लागतं.

आठवण म्हणून झाड लावणार असाल तर मुळाशी राख ओतू नका. ती क्षारयुक्त असते, ढीगभर घातली तर रोप जळतं. एक चिमूट भरपूर मातीत मिसळा. आम्ही परड्यात फणस लावला.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. स्मशानातली पावती त्यासाठी जपून ठेवा आणि दाखल्याच्या प्रती एकदमच जास्त घ्या, बँकेला आणि पेन्शनला वेगवेगळ्या लागतात. नार्व्याला अष्टमीच्या आसपास जाऊ नका, होडी मिळणार नाही. आणि घरात कुणी थकलेलं माणूस असेल तर घडीची खुर्ची गाडीत टाका. आई काठावर तिच्यावरच बसली होती, आणि होडी निघताना "सावकाश जा" हे तिनं आम्हाला म्हटलं की बाबांना, ते आम्ही विचारलं नाही.