आमच्या ४०७ ची गळकी खोली आणि एमआयडीसीतले बिनपाटीचे मिस्त्री

आधीच सांगून टाकतो, काम एक नंबर पण वेळेचं नाव काढू नका. आता सविस्तर.

आमच्याकडं टाटा ४०७ आहे, १९९३ ची. टाटानं ही गाडी १९८६ ला काढली, म्हणजे आमची काही पहिल्या खेपेतली नव्हे, पण अण्णांचा सगळा जीव तिच्यात. आधी चादरींचे गठ्ठे वाहायची, मग अण्णांनी धंदा आवरला आणि मागं हौद्यावर एक खोली बांधून घेतली, लाकडी सांगाडा, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आत प्लाय, झोपायला दोन फळ्या, एवढासा ओटा आणि टपावर हवेसाठी झरोका. हल्लीची पोरं याला कॅम्पर म्हणतात, आमच्याकडं ती खोलीच. आषाढीला नातेपुत्यापासून पालखीसोबत पंढरपूरपर्यंत आम्ही हिच्यातच असतो.

गेल्या आषाढीला वाखरीच्या मुक्कामात रात्री पाऊस आला आणि आईच्या उशाशी टपटप सुरू झालं. आई म्हणे, विठोबा अंघोळ घालतोय, झोपा गप. सकाळी बघतो तर गादी पिळून काढावी अशी आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातला सनमायका पुरीसारखा फुगलेला. सोलापूरला आल्यावर एका गॅरेजवाल्यानं (नाव राहू दे) त्या कोपऱ्यात बाहेरून सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली, १८०० रुपये घेतले आणि म्हणाला आता दहा वर्षं बघायला नको. सप्टेंबरात सीना नदी पात्राबाहेर आली त्या आठवड्यात खोलीत परत तळं. त्यात कुबट वास असा की मांजरसुद्धा आत जाईना.

मग शेजाऱ्यांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या मिस्त्रींकडं पाठवलं. पाटी नाही, पत्र्याचं शेड, बाहेर दोन अर्धवट ट्रकबॉडी उभ्या, हीच खूण. मिस्त्रींनी आल्या आल्या खिशातून टोच्या काढला आणि कोपऱ्यात दाबला, मुठीपर्यंत आत गेला!! लाकूड म्हणजे चहात बुडवलेली खारी. मी म्हटलं, मग भोक इथंच असणार. तर म्हणे, "मालक, डाग हितं हाय म्हणून भोक हितंच आसतंय व्हय? पाणी वाट काढत येतंय की ओ."

आणि मग जे केलं ते बघण्यासारखं होतं. एक पोरगा बॅटरी घेऊन आत, दुसऱ्याच्या हातात नळी, आणि पाणी मारायचं ते खालून वर, प्रत्येक टप्प्यावर दहा-दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच ओघळ येतात, मग नेमकं कुठून शिरतंय ते कळतच नाही. खालचा सांधा कोरडा, खिडकी कोरडी, टपावरच्या झरोक्याला पाणी लावलं आणि आतून पोरगा ओरडला. झरोका पुढच्या बाजूला, ओल मागच्या कोपऱ्यात! पाणी छताच्या आडव्या पट्टीवरून आठ फूट सरकत मागं येत होतं, कारण आमच्या गल्लीत गाडी मागच्या बाजूला उतारावर उभी असते.

कारणही त्यांनीच सांगितलं. खड्ड्यात चॅसी पिळते पण वरची लाकडी पेटी तेवढी पिळत नाही, मग सांधे ढिले होतात, वर सोलापूरचं ऊन, पत्रा दिवसा ताणतो रात्री आखडतो, सांध्यात भरलेलं जुनं सीलंट वाळून त्याच्या खपल्या पडतात. शिवाय अॅल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू मारलेले, ओल लागली की दोन धातूंचं पटत नाही, प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली होती आणि भोकं मोठी झाली होती. आपण ती धूळ समजून पुसत होतो इतकी वर्षं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला त्या सिलिकॉननं. त्याच्यावर ना रंग बसतो ना दुसरं सीलंट, दोन दिवस दोन पोरं नुसती खरवडत बसली. नंतर आतला प्लाय काढून सांगाडा उघडा ठेवला आठ दिवस, मी घाई केली तर म्हणाले ओल्या लाकडावर प्लाय मारला की ओल आत कोंडते, मला काय, पैसे घेऊन आजच मारतो. गप्प बसलो. सडलेले दोन खांब आणि खालची पट्टी सागवानाची नवीन, झरोक्याखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), सांध्यांना पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट, आणि स्क्रूच्या जागी अॅल्युमिनियमचेच रिबिट.

प्लाय आयएस ७१० चा वापरला, म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारा. मला शंका, शिक्का काय कुणीही मारतो. तर तुकडा हातात दिला, म्हणाले घरी उकळून बघा. ७२ तास उकळायचा नियम आहे पण आपला गॅस काय फुकट नाही, मी जुन्या पातेल्यात पाच तास उकळला, थर सुटले नाहीत. बायको विचारत होती, आज प्लायची आमटी का.

आता तक्रारी. बोलले ४२ हजार, झाले ५८. उघडल्यावरच कळतं हे मान्य, पण फोन करून सांगायला काय जात होतं. कच्चं बिल, तेही मागितल्यावर. "गड्ड्याच्या आधी देतो" म्हणाले होते, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेआधी, पण संक्रांत आली आणि पोरं गेली नंदीध्वजाच्या मिरवणुकीला, त्याबद्दल काही बोलणं नाही, आपणही होतोच तिथं, पण यात्रा उठली तरी गाडी शेडमध्येच, मिळाली फेब्रुवारीच्या शेवटी. आणि सनमायका! जुना फिका लाकडी होता, यांनी तेवढ्या कोपऱ्यात चॉकलेटी लावला, विचारलं तर म्हणे उठून दिसतंय की.

परवा वळवाचा पाऊस झाला, चांगला तासभर. अण्णा छत्री घेऊन खोलीत जाऊन बसले, बॅटरी लावून कोपऱ्यावर तळहात फिरवला, मग हाताचा वास घेतला आणि काही न बोलता बाहेर आले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पाचपैकी पाच, माझ्याकडून चार.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, दुपारी एक ते चार शेडमध्ये कुणी नसतं. आणि सनमायका स्वतः निवडून घेऊन जा.